कोऱ्या लेटरहेडवर लोगो शोभतो, पण पत्र कुठे लिहायचं?

व्यवसायाची स्टेशनरी एका दमात कधीच होत नाही. आधी व्हिजिटिंग कार्ड होतं, कारण कोणाला तरी परवा भेटायचं असतं. पहिलं बिल द्यायची वेळ येते तेव्हा संगणकात सापडेल त्या तयार नमुन्यात नाव घालून ते जातं. लेटरहेड कोणीतरी मागितल्यावर घाईने बनतं. पाकिटं, पावतीपुस्तक, शिक्का, फाइलची कव्हरं हे सगळं जसजसं अडेल तसतसं. काही काळाने या वस्तू एका टेबलावर मांडून बघा. निळा रंग तीन प्रकारचा निघतो. नाव एका ठिकाणी ‘आणि कंपनी’, दुसरीकडे ‘अँड कं.’. लोगो कार्डावर डावीकडे, लेटरहेडवर मधोमध आणि पाकिटावर जागा उरली तिथे. सुटी घेतली तर यातली एकही वस्तू वाईट नसते, पण एकत्र ठेवल्यावर त्या एकाच व्यवसायाच्या वाटत नाहीत.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे सगळीकडे तोच लोगो चिकटवणं. त्याने फारसा फरक पडत नाही. कार्ड आणि बिल शेजारी ठेवा आणि दोन्हींवरचा लोगो अंगठ्याने झाका. तरीही ती एकाच ठिकाणाहून आली आहेत हे कळलं, तर संच जमला. लोगो झाकल्यावर उरतं काय? अक्षरांचं वळण, समास, मजकूर जिथून सुरू होतो ती जागा, रंग, कागद, ओळींमधलं अंतर, अगदी फोन नंबरचे आकडे कुठे तोडलेत तेसुद्धा. हे एकदा ठरवायचं आणि मग सगळीकडे पाळायचं, यालाच संच म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीतल्या एईजी या वीज-उपकरणांच्या कंपनीने १९०७ मध्ये पीटर बेहरेन्स यांना कला-सल्लागार नेमलं. कंपनीचं बोधचिन्ह, जाहिराती, माहितीपत्रकं, दिवे, किटल्या, पुढे बर्लिनमधला टर्बाइनचा कारखाना, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. एवढं आपल्याला करायचं नाही. पण कागदांपुरतं तरी सगळं एकाच विचारातून निघावं, इतकी अपेक्षा रास्त आहे.

आधी पत्र, मग लेटरहेड

बहुतेक जण सुरुवात कार्डापासून करतात. मी म्हणेन, करू नका. कार्ड लहान असतं, मजकूर चार-पाच ओळींचा, त्यात जवळजवळ कुठलीही मांडणी खपून जाते. लेटरहेडपासून सुरुवात करा, आणि तेही भरलेल्या लेटरहेडपासून.

लेटरहेड मंजूर होतं ते कोरं असताना. पडद्यावर सुंदर सावली पाडलेला कागद, शेजारी पेन, वर लोगो, खाली पत्त्याची नाजूक ओळ. वापरात मात्र त्यावर तारीख, जावक क्रमांक, समोरच्याचं नाव-पत्ता, विषय, दोन-तीन परिच्छेद, सही आणि शिक्का येतो. पत्र टाइप करणाऱ्या माणसाला कुठून सुरुवात करायची हे कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून तो लोगोच्या खाली बोटभर जागा सोडून त्याच्या सवयीच्या फॉण्टमध्ये सुरू करतो. छान डिझाइन पहिल्याच पत्रात मोडतं, आणि दोष त्या माणसाचा नसतो. म्हणून नमुना बघतानाच त्यात खरंखुरं, लांबलचक पत्र भरून मागा.

कागदाचा आकार आपल्या हातात नसतो, आणि ते बरंच आहे. ए४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा. हे विचित्र आकडे एका साध्या गुणोत्तरातून येतात: लांबी ही रुंदीच्या २ च्या वर्गमुळाइतक्या पट, म्हणजे सुमारे १.४१४. असा कागद लांबीत निम्मा दुमडला की अर्ध्या भागाचं प्रमाण मूळ कागदासारखंच राहतं. जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्ग यांनी १७८६ मध्ये एका पत्रात हा गुण लिहून ठेवला होता. १९२२ मध्ये वाल्टर पोर्स्टमान यांच्या कामातून जर्मनीचं कागदाच्या आकारांचं मानक आलं, आणि १९७५ मध्ये आयएसओ २१६ म्हणून ते आंतरराष्ट्रीय झालं. याचा रोजचा फायदा असा की ए० कागदाचं क्षेत्रफळ १ चौरस मीटर धरलेलं आहे आणि ए४ त्याचा सोळावा भाग. त्यामुळे ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, ए४ कागद बरोबर ५ ग्रॅम भरतो आणि १०० जीएसएमचा सव्वासहा. पाकीट किती वजनाचं होईल, हे वजनकाट्याशिवाय सांगता येतं.

अमेरिका आणि कॅनडात मात्र ए४ चालत नाही. तिथला ‘लेटर’ कागद ८.५ × ११ इंचांचा, म्हणजे आपल्यापेक्षा सुमारे ६ मिमी रुंद आणि सुमारे १८ मिमी आखूड. तुमचं पत्र पीडीएफने तिकडे गेलं आणि कोणी ते मूळ मापात छापलं, तर कडेला टेकवलेली तळओळ कापली जाऊ शकते. परदेशी पत्रव्यवहार असेल तर तळाशी थोडी उदारता ठेवा.

आता मांडणी. डावा समास ठरवताना आधी पंचिंग मशीन आठवा. दोन भोकांच्या पंचिंगचंही मानक आहे, आयएसओ ८३८: भोकं ६ मिमी व्यासाची, दोन केंद्रांमध्ये ८० मिमी अंतर, आणि केंद्र कागदाच्या कडेपासून १२ मिमी आत. म्हणजे भोक कडेपासून १५ मिमीपर्यंत येतं. त्याच्या अलीकडे काहीही छापलं तर ते फाइलमध्ये गेल्यावर गायब. २० मिमी समास म्हणजे कसंबसं भागतं, २५ मध्ये कागद मोकळा श्वास घेतो.

ही २५ मिमीवरची उभी रेघ छापायची नसते, पण सगळं तिच्यावर उभं करायचं. लोगोची डावी कड, तारीख, समोरच्याचा पत्ता, प्रत्येक परिच्छेद, सही, तळातला मजकूर, सगळं तिथूनच सुरू. संपूर्ण संचात मी एकच नियम ठेवायचा म्हटलं तर हाच ठेवीन. एक बारकावा सांगतो. लोगो गोल असेल तर त्याचा फक्त एक बिंदू त्या रेघेला टेकतो, आणि डोळ्याला तो आत सरकल्यासारखा दिसतो. तेव्हा लोगो अर्धा-एक मिलिमीटर बाहेर ढकलायचा. पट्टी म्हणेल चुकलं, पण नजर म्हणेल बरोबर. अशा वेळी नजरेचं ऐकावं.

उजवा समासही २५ ठेवला तर ओळ १६० मिमी लांब होते. ११ पॉइंटच्या रोमन अक्षरांत ऐंशीच्या पुढे अक्षरं एका ओळीत जातात आणि वाचताना पुढची ओळ सापडेनाशी होते. साठ ते पंचाहत्तर अक्षरांची ओळ सुखाची. म्हणून काही लेटरहेडांवर संपर्काचा मजकूर उजव्या बाजूच्या अरुंद स्तंभात उभा लावतात. पत्राची ओळ आपोआप आखूड होते आणि तळही मोकळा राहतो. पत्रांत मोठी कोष्टकं येत असतील तर मात्र हा स्तंभ आडवा येईल.

पत्र घडी घालून पाकिटात जातं हेही मांडणीतच धरायला हवं. ११० × २२० मिमीच्या डीएल पाकिटात ए४ कागद तीन घड्यांत बसतो. समान घड्या घातल्या तर त्या वरून ९९ आणि १९८ मिमीवर पडतात. तिथे रंगाचा पट्टा किंवा बारीक मजकूर आला तर घडीवर शाई घासून जाते. शक्य तर लोगो, तारीख आणि समोरच्याचा पत्ता पहिल्या ९९ मिमीत संपवावा, म्हणजे कागद उघडताक्षणी कोणाचं पत्र आणि कोणाला हे वरच्या घडीतच कळतं. खिडकीची पाकिटं वापरायची असतील तर अदमासाने चालत नाही. जर्मनीच्या डीआयएन ५००८ मानकाच्या एका नमुन्यात पत्त्याची चौकट वरून ४५ मिमी आणि डावीकडून २० मिमीवर सुरू होते, मापाने ८५ × ४५ मिमी असते, आणि घड्यांच्या खुणा १०५ आणि २१० मिमीवर असतात. तुमच्याकडे मिळणाऱ्या पाकिटाची खिडकी पट्टीने मोजा आणि त्यावरून पत्त्याची जागा पक्की करा.

पत्राचं दुसरं पान जवळजवळ सगळेच विसरतात. त्यावर पूर्ण लेटरहेड पुन्हा नको. लहान लोगो किंवा नुसतं नाव, पान क्रमांक, आणि तीच डावी रेघ.

हे सगळं ठरवण्याआधी एक प्रश्न मात्र सोडवावाच लागतो: लेटरहेड प्रेसमध्ये छापून घेणार, की प्रत्येक पत्राबरोबर ऑफिसच्या प्रिंटरवर छापणार? ऑफिसचा साधा प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही, चार-पाच मिलिमीटर कोरे सोडतो. कडेला भिडलेला रंगीत पट्टा डिझाइनमध्ये असेल तर घरच्या प्रिंटवर त्याभोवती पांढरी किनार येईल. हल्ली पुष्कळ पत्रं मुळात कागदावर येतच नाहीत, पीडीएफ म्हणूनच जातात. मग कडेला भिडणारं काही नकोच, हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग. प्रेसमध्ये छापणार असाल तर कागद ९० ते १२० जीएसएमचा आणि बिनचकाकीचा घ्या, त्यावर पेन चालतं आणि तो प्रिंटरमध्ये अडकत नाही. हाताला लागणारी उठावाची छपाई लेटरहेडवर टाळा. लेझर प्रिंटरमध्ये कागद चांगलाच तापतो, आणि त्या छपाईतली राळ मऊ पडून प्रिंटरच्या आतल्या रोलरला चिकटू शकते. सोनेरी फॉइलचीही तीच भीती. हे लाड कार्डावर करा.

निळा कोणता?

रंगाची भानगड इतक्या ठिकाणी होते की ती जरा सावकाश बघू.

पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो: लाल, हिरवा, निळा यांच्या मिश्रणातून. छपाईत चार शाया असतात, निळसर, गुलाबीसर, पिवळी आणि काळी, ज्याला प्रेसवाले फोरकलर म्हणतात. पडद्यावर दिसणारे काही भडक रंग, विशेषतः झगझगीत नारिंगी, पोपटी आणि विजेसारखा निळा, या चार शायांतून निघतच नाहीत. छापून आल्यावर ते थोडे मलूल दिसतात. यात प्रेसवाल्याची काही चूक नसते.

दुसरा मार्ग म्हणजे तयार मिसळलेली एकच शाई वापरणं. पँटोन कंपनीची क्रमांकांची पद्धत १९६३ मध्ये आली ती यासाठीच. क्रमांक सांगितला की कुठल्याही प्रेसमध्ये त्याच मिश्रणाची शाई बनते. पण खरी गंमत पुढे आहे. त्यांच्या रंगांच्या पुस्तिकेत एकाच क्रमांकापुढे सी किंवा यू हे अक्षर लागतं. सी म्हणजे लेप दिलेल्या, गुळगुळीत कागदावर, यू म्हणजे साध्या कागदावर. शाई तीच, पण साधा कागद ती पिऊन टाकतो म्हणून रंग फिका आणि मऊ दिसतो, तर गुळगुळीत कागदावर ती वर राहते आणि रंग गडद व उजळ दिसतो. आता बघा: तुमचं लेटरहेड आणि पाकीट साध्या कागदाचं, कार्ड आर्ट कार्डचं, म्हणजे लेप दिलेल्या जाड कागदाचं, वर मॅट लॅमिनेशन. तिन्हींना एकच क्रमांक दिला तरी दोन वेगळे निळे येणार.

सोपा उपाय असा की सगळा संच एकाच जातीच्या कागदावर घ्यावा. लेटरहेड साध्या कागदाचंच लागतं, मग कार्डही साध्या, जाड, बिनचकाकीच्या कागदावर घ्या. ते हाताला चांगलं लागतं, त्यावर मागे पेनाने लिहिता येतं, आणि रंग आपोआप जुळतो. कार्ड चकचकीतच हवं असेल तर साध्या कागदावरचा रंग आधी पक्का करा आणि कार्डासाठी त्याच्या जवळ जाणारा क्रमांक शोधा. उलट केलं तर फसगत होते, कारण गुळगुळीत कागदावरची झळाळी साध्या कागदावर कुठल्याही शाईने येत नाही.

बारीक मजकुराला रंग देताना हात आखडता घ्या. फिकट राखाडी रंगातला पत्ता पडद्यावर फार सोज्वळ दिसतो. छपाईत फिका राखाडी म्हणजे काळ्या शाईचे बारीक ठिपके, आणि सात पॉइंटचं अक्षर ठिपक्यांनी बनवलं की त्याच्या कडा दातेरी होतात. चार शाया मिसळून केलेला गडद रंगही बारीक अक्षराला सोसत नाही. एखाद्या शाईची छपाईची प्लेट केसभर सरकली की अक्षराला रंगीत सावली येते. बारीक मजकूर एकाच शाईत, पूर्ण ताकदीचा. मग ती काळी असो वा तुमची तयार मिसळलेली निळी.

लोगोचं एकरंगी रूप सुरुवातीलाच करून ठेवा. तुमचं पत्र कुठे ना कुठे झेरॉक्स होणार, स्कॅन होणार, आणि तेव्हा फिका पिवळा गायब होतो, लाल काळा होतो. रबरी शिक्क्याला तर एकच रंग आणि जाड रेघा लागतात. आणि पानाच्या मधोमध लोगोची मोठी पुसट छाया टाकायची पद्धत एकदाची बंद व्हावी असं मला मनापासून वाटतं. कोऱ्या कागदावर ती भारदस्त दिसते, पण झेरॉक्समध्ये पत्राच्या नेमक्या महत्त्वाच्या ओळींवर राखाडी डाग होऊन बसते.

कार्ड म्हणजे लहान केलेलं लेटरहेड नव्हे

लेटरहेड झालं की तेच आक्रसून कार्डावर बसवावं असा मोह होतो. हिशेब करून बघा. ८५ मिमी रुंदीचं कार्ड हे २१० मिमीच्या कागदाच्या सुमारे ४० टक्के. लेटरहेडवरचा ८ पॉइंटचा पत्ता त्या प्रमाणात लहान केला तर ३.२ पॉइंटचा होईल, म्हणजे भिंगाशिवाय वाचता येणार नाही. अक्षराचा आकार कागदावर ठरत नाही, वाचणाऱ्याच्या डोळ्यावर ठरतो, आणि डोळा दोन्हीकडे तोच असतो. म्हणून पत्ता लेटरहेडवर ८ पॉइंट असेल तर कार्डावरही साडेसात-आठच राहील. लोगो मात्र लहान होईल. साहजिकच लोगो आणि मजकूर यांचं एकमेकांशी प्रमाण दोन्हीकडे वेगळं येतं, आणि ते तसंच यायला हवं. सारखं राहतं ते बाकीचं: तीच डावी रेघ, तोच क्रम, नाव ठळक आणि हुद्दा साधा ही तीच रीत, लोगोभोवती तितकीच मोकळीक. ही मोकळीक लोगोतल्याच एखाद्या अक्षराच्या उंचीने मोजायची, म्हणजे लोगो लहान-मोठा झाला तरी नियम बदलत नाही.

कार्डाचं माप देशागणिक बदलतं. युरोपात बहुतेक ठिकाणी ८५ × ५५ मिमी, अमेरिकेत साडेतीन × २ इंच, जपानमध्ये ९१ × ५५ मिमी. बँकेच्या कार्डाचं माप ८५.६० × ५३.९८ मिमी आहे, आणि पैशाच्या पाकिटातले कप्पे त्यालाच बेतलेले असतात. त्याहून फार मोठं कार्ड कप्प्यात जात नाही, खिशात जातं आणि चुरगळतं.

प्रेसला फाइल देताना चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जादा छापील किनार, ठेवायची, म्हणजे ८५ × ५५ च्या कार्डाची फाइल ९१ × ६१ ची. कटिंग मशीन थप्पी एकदम कापतं आणि थप्पीतला कागद थोडा सरकतोच. ब्लीड नसेल तर कडेला पांढरी चीर दिसते. याच कारणाने मजकूर कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत ठेवायचा, आणि कार्डाभोवती बारीक चौकट कधीही छापायची नाही. कटिंग अर्धा मिलिमीटर जरी सरकलं तरी चौकट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दिसते.

क्यूआर कोड हल्ली सगळ्यांना हवा असतो. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीने तो वाहनांच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी काढला, कार्डासाठी नाही. त्यात जितका मजकूर भराल तितके चौकोन वाढतात आणि बारीक होतात. नाव, हुद्दा, तीन फोन, पत्ता, सगळं कोंबलं तर कार्डावरच्या इवल्याशा जागेत मोबाइलला ते वाचता येईना होतं. छोटा वेबपत्ता भरा, कोड २ सेंटिमीटरच्या आसपास ठेवा, फिक्या पार्श्वभूमीवर गडद छापा आणि भोवती त्याच्याच चार चौकोनांइतकी जागा कोरी सोडा. तो वेबपत्ता तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळाचा असू द्या. तिसऱ्याच कोणाच्या सेवेतून बनवलेला कोड ती सेवा बंद झाली की मरतो, आणि छापलेली कार्डं परत घेता येत नाहीत.

पाकिटाला फार वेळ द्यायला नको. डीएल तीन घड्यांच्या पत्राला, १६२ × २२९ मिमीचं सी५ एका घडीच्या पत्राला, २२९ × ३२४ मिमीचं सी४ न दुमडलेल्या कागदांना. पाठवणाऱ्याचा मजकूर वर डाव्या कोपऱ्यात किंवा मागच्या झडपेवर, आणि पत्ता व तिकिटाची जागा पूर्ण मोकळी.

दोन लिप्या, एक कागद

ज्यांच्या स्टेशनरीवर देवनागरी आणि रोमन शेजारी शेजारी येतात, त्यांची अडचण वेगळी आहे आणि ती क्वचितच कोणी नीट सोडवतं. आधी रोमनमध्ये सगळं डिझाइन होतं, मग शेवटी देवनागरी ओळ कुठेतरी घुसवली जाते.

रोमन अक्षर खालच्या रेषेवर बसतं, देवनागरी शिरोरेषेला लटकतं. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा खालचा भाग. हे सगळं त्याच उंचीत मावायचं म्हणून मूळ अक्षराला जागा कमी मिळते आणि एकाच पॉइंटमध्ये देवनागरी लहान दिसतं. ते थोडं मोठं घ्यावं लागतं. किती, हे फॉण्टवर अवलंबून, छापून डोळ्याने जुळवायचं. ओळींमधलं अंतर तर नक्कीच जास्त, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो.

रोमनमधल्या पुष्कळ युक्त्या इकडे चालत नाहीत. हुद्दा मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटल अक्षरांत, लिहायचा, असा नियम केला तर देवनागरीत मोठी लिपीच नाही. अक्षरांत अंतर टाकून नाव पसरवायचं ठरवलं तर शिरोरेषा तुटते आणि नाव दात पडल्यासारखं दिसतं. म्हणून फरक दाखवण्याचे नियम दोन्ही लिप्यांत पाळता येतील असेच करा: जाडी, आकार, रंग. नाव जाड, हुद्दा साधा, हे दोन्हीकडे जमतं.

ल आणि श या अक्षरांची मराठी वळणं हिंदीतल्या वळणांपेक्षा वेगळी असतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, दोन्हींना क्रमांक एकच आहे, वळण फॉण्ट ठरवतो. काही फॉण्टांत दोन्ही रूपं असतात, पण डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय मराठी रूप दिसत नाही. बोर्डावर एक ल आणि कार्डावर दुसरा ल, हा विसंवाद असाच घडतो.

प्रेसला देताना फॉण्ट कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं नुसत्या आकृत्यांत रूपांतर करून द्या, नाहीतर दुसऱ्या मशीनवर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. कर्व्ह केल्यानंतर मजकूर पुन्हा अक्षर-अक्षर वाचा. त्यापुढे कोणी टाइपिंगची दुरुस्ती करू शकत नाही. शब्दांच्या मूळ फाइलसाठी युनिकोड फॉण्टच वापरा. जुन्या फॉण्टमधला पत्ता ई-मेलमध्ये चिकटवला की अगम्य चिन्हांची रांग उमटते.

बिल

सगळ्यात जास्त लोकांच्या हातात जाणारा कागद बिल, आणि डिझाइनमध्ये सगळ्यात दुर्लक्षित तोच. कारण ते हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघतं. त्या सॉफ्टवेअरशी भांडत बसू नका. बहुतेकांत लोगो, एखादा रंग आणि कधी फॉण्ट बदलता येतो. तेवढ्यात डावी रेघ, नावाचं नेमकं लेखन आणि रंग साधून घ्या. आकड्यांचे स्तंभ उजवीकडून जुळलेले हवेत, आणि आकडे सारख्या रुंदीचे असलेला फॉण्ट हवा. काही फॉण्टांत १ हा आकडा बारीक असतो, त्यामुळे दशकाखाली दशक येत नाही आणि बेरीज तपासणाऱ्याचा डोळा घसरतो. किती पैसे आणि कधीपर्यंत, या दोन गोष्टी पानावर सर्वांत आधी दिसल्या पाहिजेत, लोगोच्याही आधी.

एक पान नियमांचं

शेवटी हे सगळं एका पानावर लिहून काढायचं. त्यात रंगाचे क्रमांक: साध्या कागदासाठी, गुळगुळीत कागदासाठी, फोरकलरसाठी आणि पडद्यासाठी. फॉण्टांची नावं, आणि ते ज्यांच्या मशीनवर नसतील त्यांनी कोणता वापरायचा तेही. हा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण विकत घेतलेला देखणा फॉण्ट फक्त डिझाइनरच्या मशीनवर असेल तर ऑफिसातलं प्रत्येक पत्र संगणकाच्या ठरीव फॉण्टमध्येच जाणार. म्हणून पत्राच्या मजकुरासाठी सगळ्यांकडे असेल असाच फॉण्ट आधीपासून निवडा, आणि पत्राची वर्ड फाइल बनवून द्या, ज्यात समास, अक्षराचा आकार आणि दुसऱ्या पानाचं रूप आधीच भरलेलं असेल.

त्याच पानावर मजकुराचा अधिकृत पाठ हवा. व्यवसायाचं पूर्ण नाव, स्वल्पविराम आणि टिंबांसकट. पत्ता कोणत्या शब्दावर तुटून दुसऱ्या ओळीत जातो. फोन नंबर कसा तोडायचा, देशाचा क्रमांक लावायचा की नाही, आकडे देवनागरी की रोमन. अनेक देशांत कंपनीच्या पत्रांवर आणि बिलांवर नोंदणी क्रमांक, नोंदणीकृत पत्ता, कर क्रमांक छापणं कायद्याने बंधनकारक असतं. तुमच्याकडचा नियम हिशेबनीसाला विचारून तोही इथेच लिहा, म्हणजे तळात त्याला आधीच जागा राहील.

छापायला टाकण्याआधी संचाचा एक नमुना साध्या प्रिंटरवर खऱ्या मापात काढा. त्यात पत्र भरा, सही करा, शिक्का मारा, घडी घालून पाकिटात सरकवा, बाहेर काढून पंच करा, मग त्याची झेरॉक्स काढून बघा. कार्ड कात्रीने कापून पाकिटाच्या कप्प्यात घाला. रंगाची खात्री मात्र या प्रिंटवर करू नका, त्यासाठी त्याच कागदावरचं प्रेसचं प्रूफ, म्हणजे चाचणीची छपाई, मागा.

माणसं येत-जात असतील तर सगळी कार्डं एकदम नावासकट छापू नका. लोगो आणि रंग असलेली कोरी कार्डं मोठ्या संख्येने छापून ठेवायची आणि नाव-हुद्दा लागेल तसा नंतर काळ्या शाईत छापायचा. प्रत्येक वेळी रंग नव्याने जुळवावा लागत नाही, आणि नव्या माणसाचं कार्ड जुन्या माणसाच्या कार्डासारखंच दिसतं. डिझाइनरकडून नुसत्या जेपीजी फाइली घेऊ नका. लोगो कितीही मोठा केला तरी न फाटणारी व्हेक्टर फाइल, एसव्हीजी किंवा पीडीएफ, आणि डिझाइनची उघडता येणारी मूळ फाइल मागून घ्या. काम सुरू करतानाच तसं ठरवून घेतलं तर मागताना संकोच वाटत नाही.